नकाशातून गळलेला सडा

पश्चिम घाटातल्या खाणींना विरोध करताना आपण सगळेच दोन अहवालांची नावं घेतो. माधव गाडगीळ समितीचा २०११चा आणि कस्तुरीरंगन गटाचा २०१३चा. पहिला कडक, दुसरा मवाळ, एवढं म्हटलं की आपली चर्चा संपते. पण सर्वांत संवेदनशील ठरवलेल्या भागात नवी खाण नको, हे दोघांनीही म्हटलं आहे. खरा मतभेद वेगळा आहे: रान कशाला म्हणायचं?

कस्तुरीरंगन गटाने उपग्रहाच्या चित्रांवरून घाटाचे दोन भाग केले, ‘नैसर्गिक’ आणि ‘सांस्कृतिक’. शेती, बागा, वस्ती असलेला सुमारे ६० टक्के भाग सांस्कृतिक ठरला. उरलेल्यातला बहुतेक, म्हणजे एकूण घाटाचा साधारण ३७ टक्के, संवेदनशील. पद्धत मोजायला सोपी आहे, हे मान्य. पण ती सिंधुदुर्गात लावून बघा. तिथे देवराई वस्तीला लागून असते, काजूच्या बागेतून गवा जातो. आणि सडा? उन्हाळ्यात वरून पाहिला तर नुसता उजाड कातळ. त्याच जांभ्यात पावसाचं पाणी मुरतं आणि पायथ्याच्या झऱ्यांना, विहिरींना मिळतं. लोहखनिजही त्या जांभ्याखालीच. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की पाणी उपसावं लागतं, झरे आटतात, आणि पावसात खाणीची माती भातशेतीत उतरते. जुलै २०२१ मध्ये दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावात खाणीलगतचा डोंगर खचला आणि गाळाचं पाणी गावात घुसलं. डोंगरावरचा घाव वस्तीत उतरला. नकाशावरची रेघ पाणी कुठे मानतं?

गाडगीळ समितीने अख्खा घाट संवेदनशील धरला, त्याचे तीन स्तर केले आणि अंतिम सीमा ग्रामसभांशी बोलून ठरवा असं सांगितलं. आमच्या मते हीच त्या अहवालाची ताकद. पण त्याची दुबळी बाजूही इथेच आहे. ऑगस्ट २०११ मध्ये दिलेला अहवाल सरकारने मे २०१२ पर्यंत लोकांपुढे येऊ दिला नाही. आला तोही इंग्रजीत. जे वाचलंच नाही त्यावर ग्रामसभा काय बोलणार? मधल्या काळात ‘तुम्हाला उठवणार’ ही अफवा मात्र शुद्ध मराठीत घरोघर पोचली.

मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग वन्यजीव भ्रमणमार्गातली २५ गावं संवेदनशील जाहीर करण्याबाबत आदेश दिला. शब्द बघा, गावं. माणसं, बागा, झरे आणि वाघाची वाट, सगळं एकत्र धरलेलं. रान वाचवायचं तर ते असंच, गावासकट वाचेल.

तेव्हा पुढचा नकाशा आला की किती टक्के वाचलं हे नंतर मोजू. आधी कुठला सडा गळला ते शोधू, आणि तो नकाशा त्या सड्याखालच्या गावाच्या सभेत, मराठीत वाचू.