मराठी आत्मपर लेखनातील लेकुरवाळीचा संसार : निवेदक आणि श्रमाचे दर्शन

बीजसंज्ञा : मातृप्रतिमा, घरश्रम, निवेदक, आत्मकथन, दलित स्त्रीलेखन

प्रस्तावना :

मराठी साहित्यात आईविषयीचे लेखन विपुल आहे. परंतु आईच्या कामाविषयीचे लेखन त्या मानाने फारच थोडे आहे. अनेक मुलांची आई पहाटेपासून रात्रीपर्यंत नेमके काय करते, धान्य किती दिवस पुरवते, आजारी मुलाजवळ बसताना चुलीकडे कोण पाहते, या प्रश्नांची उत्तरे आपल्या वाङ्मयात शोधावी लागतात. आईची माया, तिचा त्याग आणि तिची सहनशीलता यांविषयी मात्र शोध घ्यावा लागत नाही. घर चालविणे हे कौशल्याचे, नियोजनाचे आणि शारीरिक कष्टाचे काम असूनही वाङ्मयात त्याचे रूपांतर बहुधा एका भावनेत होते.

हे रूपांतर कसे घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात तीन साहित्यकृतींच्या आधारे केला आहे. साने गुरुजींची 'श्यामची आई' (१९३५), लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (पहिला भाग १९३४) आणि बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) या त्या कृती होत. पहिल्या कृतीत आईची कहाणी मुलगा सांगतो. दुसरीत घर चालविणारी स्त्री स्वतःच बोलते. तिसरीत दहा मुलांना जन्म दिलेली आई लिहिते, परंतु स्वतःच्या संसाराविषयी जवळजवळ मौन पाळते. लेकुरवाळीचा संसार वाचकाला श्रम म्हणून दिसतो की पुण्य म्हणून, हे त्या संसाराच्या स्वरूपापेक्षा तो सांगणाऱ्याच्या स्थानावर अधिक अवलंबून असते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. मुलाचे निवेदन : कामाचा संस्कार होणे

'श्यामची आई' हे पुस्तक साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिले. श्याम आश्रमातील मित्रांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो, अशी तिची बेचाळीस रात्रींची रचना आहे. ही रचनाच अर्थपूर्ण आहे. प्रत्येक रात्रीच्या शेवटी श्रोत्यांच्या हाती काहीतरी बोध यावा, अशी निवेदकाची अपेक्षा असते. त्यामुळे आईचे प्रत्येक काम त्या बोधाकडे वाटचाल करते. अंघोळीनंतर मुलाच्या पायांना माती लागू नये म्हणून आई आपले लुगडे पसरते, तेव्हा मनाच्या स्वच्छतेचा धडा तयार होतो. पत्रावळ लावायला शिकविणे हा स्वावलंबनाचा पाठ ठरतो. काम घडते, पण ते कामापाशी थांबत नाही.

तरीही या कृतीला केवळ भावविवश ठरविणे अन्यायाचे होईल. बारकाईने वाचल्यास तिच्यात एका कर्जबाजारी कोकणी घराचे सविस्तर अर्थशास्त्र सापडते. भाऊबीजेचे पैसे स्वतःसाठी न वापरता आई पतीचे फाटके धोतर बदलण्यासाठी ते खर्च करते. या प्रसंगाकडे त्याग म्हणून पाहण्याची वाचकाला सवय आहे. परंतु हा एक आर्थिक निर्णयही आहे. घरात येणाऱ्या तुटपुंज्या पैशांपैकी कोणत्या गरजेला अग्रक्रम द्यावयाचा, हे ठरविणारी व्यक्ती येथे दिसते. सावकाराच्या तगाद्यामुळे होणारी मानहानी, लहानग्या यशवंताचा मृत्यू, आईचे दुखणे आणि शेवटी शुश्रूषेसाठी आलेली मावशी या साऱ्यांतून एकच गोष्ट स्पष्ट होते. हे घर एका शरीराच्या बळावर उभे होते. ते शरीर खचले तेव्हा त्या कामाला दुसरे हात लागले.

साने गुरुजींना याची जाणीव नव्हती, असेही म्हणता येत नाही. 'अर्धनारी नटेश्वर' या प्रकरणात श्याम आईच्या घरकामात हातभार लावतो आणि मुलाने अशी कामे करण्यात कमीपणा नाही, ही भूमिका घेतली जाते. १९३० च्या दशकात ती भूमिका धीट होती. तथापि पुस्तकाच्या लोकप्रिय प्रतिमेत ही बाजू मागे पडली. आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले आणि ही आई घराघरांत पोहोचली. ती पोहोचली ती मुख्यतः संस्कार करणारी आई म्हणून. लाकडे, धान्य, दुखणे आणि कर्ज यांचा मेळ घालणारी गृहिणी त्या प्रतिमेच्या सावलीत राहिली. मुलाच्या निवेदनाची मर्यादा येथे आहे. मुलाला आईकडून जे मिळाले ते तो सांगतो. ते देण्यासाठी तिला काय मोजावे लागले, याचा हिशेब त्याच्याजवळ पूर्ण नसतो.

२. स्वतःचे निवेदन : पोटची आणि पदरची मुले

'स्मृतिचित्रे'तील संसाराचे स्वरूप वेगळे आहे. लक्ष्मीबाईंच्या घरात पोटचा मुलगा होताच, पण टिळकांच्या उदार स्वभावामुळे आश्रयाला आलेली मुले आणि माणसेही होती. कवी बालकवी ठोमरे काही काळ याच घरात राहिले. मराठीत 'पोटची' आणि 'पदरची' असा जो भेद केला जातो, तो अशा घरात भाकरी मोजताना पुसला जातो. लेकुरवाळी या शब्दाचा अर्थ केवळ प्रसूतींच्या संख्येवरून ठरत नाही, हे येथे लक्षात येते. ज्या स्त्रीला रोज अनेक तोंडांचा विचार करावा लागतो ती लेकुरवाळीच होय.

लक्ष्मीबाईंच्या निवेदनाचा विशेष असा की, त्या कामाला काम म्हणतात. माहेरच्या आठवणींतच याची चुणूक मिळते. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकामुळे घरात मीठसाखरही धुऊन घेतली जाई. हा प्रसंग वाचताना हसू येते. पण हसू ओसरल्यावर असे ध्यानात येते की, नियम वडिलांचा होता आणि पाण्यात जाणारी साखर आईच्या संसारातील होती. घराचे धोरण एकाने ठरवायचे आणि त्याची किंमत दुसऱ्याने चुकवायची, ही रचना पुढे लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या संसारातही दिसते. १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यानंतर ताटातूट झाली आणि काही वर्षांनी संसार पुन्हा उभा राहिला. टिळकांचे औदार्य, कवित्व आणि धर्मनिष्ठा यांविषयी लक्ष्मीबाईंना अपार आदर आहे. त्या आदराला धक्का न लावता त्या औदार्याचा घरखर्चावर होणारा परिणामही त्या नोंदवितात.

मराठी समीक्षेने 'स्मृतिचित्रे'तील विनोदाची भरपूर वाखाणणी केली आहे. हा विनोद प्रसन्न, निर्मळ आणि निष्कपट आहे, हे मान्यच आहे. परंतु त्याचे कार्य केवळ रंजनाचे नाही. तक्रार करणे ज्या स्त्रीला संस्काराने वर्ज्य आहे, तिला विनोद ही एक वाट मिळवून देतो. तिच्या विनोदाने पतीचा अवमान होत नाही. मात्र घर कोणाच्या हुशारीने चालते हे वाचकाला कळते. औपचारिक शिक्षण नसलेल्या स्त्रीने बोलीच्या वळणाने लिहिलेले हे गद्य म्हणूनच घरश्रमाचा एक विश्वसनीय दस्तऐवज ठरते. मुलाच्या निवेदनात जे काम संस्कार बनते, ते आईच्या निवेदनात पुन्हा काम होते.

३. 'आम्ही'चे निवेदन आणि संसाराविषयीचे मौन

बेबीताई कांबळे (१९२९–२०१२) यांचे 'जिणं आमुचं' १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. वीरगाव आणि फलटण परिसरातील महार समाजाच्या जीवनाचे, विशेषतः स्त्रियांच्या हालअपेष्टांचे चित्रण त्यात आहे. लहान वयातील लग्ने, पहाटे जात्यावर बसणाऱ्या सुना, ओळीने होणारी बाळंतपणे, त्यांतून दगावणारी मुले आणि बाळंतिणीच्या पोटात पडायला अन्न नसणे, या गोष्टी बेबीताई संकोच न ठेवता सांगतात. बाळंतिणीची भूक इतक्या थेटपणे मांडणारी पाने मराठीत मोजकीच आहेत. येथे मातृत्वाला कोणतेही तेजोवलय नाही. मूल जन्माला येणे ही एकाच वेळी आनंदाची आणि उपासमारीची घटना आहे.

या लेखिकेचा स्वतःचा संसार मात्र पुस्तकात अभावानेच येतो. माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला जोडलेल्या मुलाखतीतून वाचकांना काही गोष्टी कळल्या. बेबीताईंना दहा मुले झाली, त्यांतील तीन दगावली. पतीसमवेत त्यांनी लहानसा विक्रीचा धंदा सुरू केला आणि तो वाढवीत किराणा मालाच्या दुकानापर्यंत नेला. पुड्या बांधण्यासाठी आणलेल्या रद्दीतील छापील मजकूर त्या वाचीत. दुकानात बसल्या बसल्या, कोणाच्या नजरेस न पडता, त्या लिहीत आणि लिहिलेले दडवून ठेवीत. सुमारे वीस वर्षे हे लेखन घरच्यांपासून लपून राहिले. फलटणमध्ये काम करणाऱ्या अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांच्यामुळे ते प्रकाशात आले. पतीकडून झालेल्या मारहाणीचा उल्लेखही पुस्तकात नसून मुलाखतीत आहे.

समीक्षेने या मौनाचा अर्थ बहुधा एकाच दिशेने लावला आहे. बेबीताईंचा 'मी' समाजाच्या 'आम्ही'त विलीन झाला, म्हणून हे आत्मकथन समूहाचे चरित्र झाले, असे गौरवाने म्हटले जाते. हे विधान खरे आहे, पण अपुरे आहे. ज्या पतीपासून वही लपवावी लागते, त्या पतीच्या घराविषयी वहीत लिहिणे किती शक्य होते, हा प्रश्न त्या गौरवात हरवतो. 'आम्ही' ही येथे वैचारिक निष्ठा आहे, यात शंका नाही. त्याचबरोबर ती आडोशाची जागाही असावी. सर्वच स्त्रियांच्या हालांविषयी बोलताना स्वतःचे नाव न घेता स्वतःविषयी बोलता येते. सुनेच्या भाकऱ्यांचे, मुलांच्या भुकेचे तपशील इतके अचूक उतरतात, ते केवळ निरीक्षणाने नव्हे. त्यांच्यामागे सात मुले वाढविलेल्या हातांचा अनुभव आहे, असे मानण्यास जागा आहे.

४. मुलांची संख्या : निर्णय कोणाचा?

लेकुरवाळीच्या संसाराचा विचार करताना आणखी एक प्रश्न टाळता येत नाही. किती मुले व्हावीत, हा निर्णय कोणाचा होता? 'श्यामची आई' लिहिली गेली त्या काळात हा प्रश्न महाराष्ट्रात जाहीरपणे विचारला जात होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनासंबंधीचा ठराव मांडण्यात आला. तो फेटाळला गेला. जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे भरलेल्या दलित महिलांच्या परिषदेतही बाबासाहेबांनी फार मुले होऊ देऊ नयेत, असा स्पष्ट उपदेश केला.

बेबीताई बाबासाहेबांच्या विचारांवर निष्ठा असलेल्या कार्यकर्त्या होत्या. तरीही त्यांच्या वाट्याला दहा बाळंतपणे आली. यातून त्यांच्या निष्ठेविषयी काही निष्कर्ष काढणे सर्वथा चुकीचे ठरेल. चळवळीचा विचार सभेपर्यंत पोहोचला, वस्तीपर्यंत पोहोचला. घराच्या उंबरठ्यावर मात्र त्याची गती मंदावली. निर्णयाचा अधिकार नसताना जबाबदारी मात्र पूर्ण, ही लेकुरवाळीची स्थिती तिन्ही कृतींत कमीअधिक प्रमाणात आढळते.

हा प्रश्न भूतकाळाचा नाही. केंद्र शासनाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरातील विनावेतन कामे करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे खर्च करीत होते. मुलांची संख्या घटली, जाते गेले, चूल बदलली. कामाची विभागणी मात्र त्या प्रमाणात बदललेली नाही. संख्याशास्त्र मिनिटे मोजू शकते. त्या मिनिटांत काय घडते, हे सांगण्याचे काम साहित्याचे आहे.

निष्कर्ष :

१. लेकुरवाळीच्या संसाराचे वाङ्मयीन दर्शन निवेदकाच्या स्थानानुसार बदलते. मुलाच्या निवेदनात श्रमाचा संस्कार होतो, स्त्रीच्या स्वतःच्या निवेदनात तो व्यवहार म्हणून दिसतो.

२. 'श्यामची आई'मध्ये घराच्या अर्थव्यवस्थेचे आणि श्रमविभागणीच्या विचाराचे भरपूर साहित्य आहे. लोकप्रिय वाचनाने त्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

३. 'स्मृतिचित्रे'तील विनोद हा घरश्रमाची नोंद करण्याचा एक मार्ग आहे.

४. 'जिणं आमुचं'मधील 'आम्ही' ही सामूहिक जाणीव आहेच. शिवाय त्या काळच्या घरगुती परिस्थितीत लिहिणाऱ्या आईला मिळालेली ती एकमेव सुरक्षित वाटही असू शकते.

या तिन्ही कृती अनेक वर्षे मराठी विभागांतून शिकविल्या व चर्चिल्या गेल्या आहेत. पहिली बहुधा संस्कारासाठी, दुसरी शैलीसाठी आणि तिसरी सामाजिक वेदनेसाठी वाचली जाते. त्या एकत्र वाचल्या आणि प्रत्येक प्रसंगाशी 'हे काम कोणी केले, किती वेळ केले आणि त्याबद्दल कोण बोलले' एवढे तीन साधे प्रश्न जोडले, तर वर्गातील चर्चा वेगळ्या पातळीवर जाऊ शकेल. वर्गात बसलेल्या अनेक विद्यार्थिनी घरची कामे उरकून महाविद्यालयात आलेल्या असतात. आईच्या थोरवीवर निबंध लिहिणे त्यांना सहज जमते. आईच्या एका दिवसाची नोंद लिहिणे त्यांना, आणि विशेषतः त्यांच्या शेजारी बसलेल्या विद्यार्थ्यांना, कितपत जमते, हे पाहणे मराठीच्या अध्यापनाचे काम आहे.