शिक्षक पात्रता परीक्षेतील मराठी आणि वाचन-अध्यापनाचा प्रश्न

पहिलीच्या वर्गातील शिक्षकाकडून समाजाची अपेक्षा मुख्यतः एकच असते, ती म्हणजे त्याने मुलास वाचावयास शिकवावे. बाकीचे विषय या एका सिद्धीवर अवलंबून असतात. असे असता शिक्षकाची पात्रता ठरविणाऱ्या परीक्षेत या सिद्धीची कितपत कसोटी लागते, याचा विचार भाषाविज्ञानाच्या अभ्यासकांनी फारसा केलेला दिसत नाही. तो आता टाळता येण्यासारखा नाही. महाराष्ट्रात शिक्षक पात्रता परीक्षा २०१३ पासून घेतली जाते. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयाने, निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या कार्यरत शिक्षकांसही ही परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण होणे आवश्यक ठरविले. ज्यांनी आयुष्यभर वर्ग सांभाळला अशांवरही त्यामुळे अभ्यासास बसण्याची वेळ आली. हा अभ्यास कशाचा, हे पाहणे उद्बोधक आहे.

पहिली ते पाचवीच्या शिक्षकांसाठी असलेल्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत बालविकास व अध्यापनशास्त्र, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास असे पाच विभाग असून प्रत्येकी तीस प्रश्न आहेत. एकूण दीडशे प्रश्न दीडशे मिनिटांत सोडवावयाचे, म्हणजे एका प्रश्नास एक मिनिट. मराठीच्या तीस प्रश्नांत उताऱ्याचे आकलन, व्याकरण, शब्दसंपत्ती, म्हणी-वाक्प्रचार यांचा भरणा असतो, आणि अध्यापनपद्धतीविषयीचे प्रश्न त्यामानाने मोजके व सर्वसाधारण स्वरूपाचे असतात. बाजारातील मार्गदर्शक पुस्तके याच प्रमाणाला धरून रचलेली आहेत. समासाचे प्रकार, अलंकारांची लक्षणे, कवींची टोपणनावे, समानार्थी व विरुद्धार्थी शब्दांच्या याद्या यांना शेकडो पृष्ठे मिळतात, तर वाचन कसे शिकवावे या विषयास चार-दोन पृष्ठांत श्रवण, भाषण, वाचन, लेखन अशा चार कौशल्यांच्या व्याख्या पुरतात. बालविकासाच्या विभागात पियाजेच्या अवस्था क्रमवार पाठ होतात, परंतु सहा वर्षांचे मूल ‘कमळ’ हा शब्द वाचताना नेमके कोठे अडते हे त्या अवस्थांवरून कळत नाही.

उपमा व उत्प्रेक्षा यांतील भेद शिक्षकास ठाऊक असू नये असे कोणी म्हणणार नाही. आक्षेप निराळा आहे. या प्रश्नांनी उमेदवाराचे स्वतःचे मराठी तपासले जाते. मूल मराठी वाचावयास कसे शिकते याचे त्याचे ज्ञान तपासले जात नाही. या दोन गोष्टी एकच आहेत असे मानण्याची चूक या प्रश्नपत्रिकेच्या मुळाशी आहे. ज्याला अस्खलित वाचता येते त्याला वाचनक्रियेचे घटक जाणवत नाहीत. सवयीने ते इतके आत मुरलेले असतात की ते मुद्दाम शिकल्यावाचून पुन्हा दृष्टीस पडत नाहीत.

ही चूक इतरत्र ओळखली गेली आहे. अमेरिकेत वाचन-अध्यापनाचा वाद जुना आहे. रुडॉल्फ फ्लेश यांच्या १९५५च्या पुस्तकाने तो चव्हाट्यावर आणला, जीन चॉल यांनी १९६७ मध्ये त्याची शास्त्रीय छाननी केली, आणि २००० साली राष्ट्रीय वाचन समितीने आपल्या अहवालात स्वनिमांची जाणीव, अक्षर-ध्वनिसंबंध, वाचनाचा ओघ, शब्दसंपत्ती व अर्थग्रहण अशी पाच अंगे निश्चित केली. दरम्यान लुईझा मोट्स यांनी १९९४ मध्ये शिक्षकांच्याच भाषाविषयक ज्ञानाची तपासणी करून ते तोकडे असल्याचे दाखविले. पुढे अनेक राज्यांनी शिक्षकाच्या परवान्यासाठी केवळ वाचन-अध्यापनाची स्वतंत्र परीक्षा ठेवली. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या ‘फाउंडेशन्स ऑफ रीडिंग’ या परीक्षेत शंभर बहुपर्यायी प्रश्न व दोन लेखी उत्तरे असतात. गुणांपैकी सर्वांत मोठा वाटा, म्हणजे सुमारे पस्तीस टक्के, वाचनाच्या पायाभूत विकासास दिलेला आहे. ‘ऑक्स’ या शब्दात इंग्रजी अक्षरे दोन पण स्वनिम तीन, ‘थ्रू’ या शब्दात अक्षरे सात पण स्वनिम तीनच, असल्या गोष्टी उमेदवारास हाताच्या मळासारख्या याव्या लागतात. लेखी उत्तरात एखाद्या मुलाच्या वाचनाची नोंद समोर ठेवून त्याची बलस्थाने, त्याची उणीव आणि तीवरील उपाय विचारले जातात.

या परीक्षेचीही पूजा बांधण्याचे कारण नाही. तिच्या तयारीचाही तेथे धंदा झाला आहे, आणि संज्ञांच्या व्याख्या घोकून तीतून पार पडणारेही असतात. कॅलिफोर्नियाने तर आपली अशीच परीक्षा २०२१च्या कायद्याने मोडीत काढून २०२५ मध्ये तिच्या जागी प्रत्यक्ष अध्यापनाच्या मूल्यमापनाची योजना आणली. तथापि एक गोष्ट मान्य करावी लागते, की तेथील परीक्षकाने इंग्रजी लिपीची अडचण नेमकी कोणती याचा आधी विचार केला आणि मग प्रश्न काढले.

येथेच दुसऱ्या टोकाच्या चुकीचा धोका संभवतो. २०२१ मध्ये केंद्र शासनाने ‘निपुण भारत’ अभियान सुरू केल्यापासून पायाभूत साक्षरतेची परिभाषा प्रशिक्षणवर्गांतून झपाट्याने पसरली आहे. तिच्याबरोबर इंग्रजीच्या गरजेतून जन्मलेल्या संज्ञा जशाच्या तशा मराठीत येऊ लागल्या, तर अलंकारांच्या यादीऐवजी संज्ञांची यादी पाठ होईल, एवढाच फरक पडेल. देवनागरीचा घटक स्वनिम नव्हे, अक्षर आहे. ‘कि’ हे एक अक्षर असून त्यात दोन स्वनिम आहेत. ते दोन्ही स्वनिम लिपीत दिसतात, पण स्वतंत्र मांडलेले नसतात, आणि स्वराचे चिन्ह तर व्यंजनाच्या आधी येते. शिवाय चिन्हांची संख्या मोठी आहे. बाराखडी व जोडाक्षरे धरली तर मुलास काही शे अक्षररूपे ओळखावी लागतात. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांविषयी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अक्षरज्ञान पहिल्या एक-दोन इयत्तांत पुरे न होता पुढील इयत्तांतही चालू राहते आणि स्वनिमांची जाणीव अवयवांच्या जाणिवेच्या मानाने फार हळू येते, असे आढळले. कन्नड लिपीची घडण देवनागरीसारखीच अक्षरप्रधान असल्याने हा निष्कर्ष मराठीच्या शिक्षकास परका नाही. मराठीपुरतेही काम झालेले आहे. भारतीय भाषांतील साक्षरतेच्या एका दीर्घकालीन संशोधनात पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात पहिली ते तिसरीच्या मुलांचा मागोवा घेण्यात आला आणि त्याचा अहवाल २०१७ मध्ये निघाला. मराठीच्या ध्वनिव्यवस्थेचे शास्त्रशुद्ध वर्णन तर अशोक केळकरांच्या १९५८च्या कॉर्नेल येथील प्रबंधापासून उपलब्ध आहे. तेव्हा ज्ञानाचा अभाव ही सबब पुढे करता येत नाही.

मग मराठीच्या शिक्षकास नेमके काय ठाऊक असावयास हवे? पहिली गोष्ट म्हणजे अंगभूत ‘अ’चा लोप. ‘क’, ‘म’, ‘ळ’ ही तीन अक्षरे सुटी शिकविली जातात तेव्हा प्रत्येकात ‘अ’ उच्चारला जातो, पण ‘कमळ’ या शब्दात शेवटचा ‘अ’ उच्चारला जात नाही. ‘करवत’ या शब्दात तर मधला व शेवटचा असे दोन लोप पावतात व चार अक्षरांचे दोन अवयव होतात. लिपीत याची कोणतीही खूण नाही. जे मूल चारही अक्षरे स्पष्ट उच्चारते आणि तरीही ‘करवत’ हा ओळखीचा शब्द त्याला लागत नाही, त्याचे अक्षरज्ञान कच्चे नसते. सुट्या अक्षरांकडून शब्दाच्या उच्चाराकडे जाण्याची एक पायरी त्याला कोणी दाखविलेली नसते. अशा मुलास पुन्हा मुळाक्षरे गिरवावयास बसविणे हा उपचार रोगाशी संबंध नसलेला आहे, आणि वर्गावर्गांतून तोच चालतो.

दुसरी गोष्ट एका चिन्हाच्या अनेक उच्चारांची. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील ‘च’ वेगळे आहेत. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जगण्याची आज्ञा, यांतील भेद लिपी दाखवीत नाही, तो अर्थावरून जाणावा लागतो. म्हणजे लिपीची उकल आधी व अर्थ मागून, हा क्रम मराठीतही सर्वत्र टिकत नाही. अनुस्वार ‘अंक’, ‘अंत’ व ‘आंबा’ या शब्दांत तीन निरनिराळ्या अनुनासिकांचे काम करतो, आणि ‘घरं’सारख्या बोलीतील रूपात तो नाकातून उच्चारलाच जात नाही. उलट ‘र’ हा एकच ध्वनी ‘सर्व’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’ आणि ‘दऱ्या’ यांत चार वेषांनी वावरतो. ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांत तर वेष बदलला की समुद्राच्या जागी डोंगरामधील खोलगट भाग येतो. ‘मित्र’ या शब्दात ‘त्र’च्या ठिकाणी ‘ञ’ लिहिणारे मूल ध्वनी चुकलेले नसते, त्याची आकृतीची ओळख चुकलेली असते. (ही चूक प्रौढांच्या पाट्यांवरही आढळते, हा भाग वेगळा.)

ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न याहून नाजूक आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या लेखनविषयक नियमांनुसार ‘गरीब’ दीर्घ, पण ‘गरिबाला’ ऱ्हस्व लिहावयाचे. दुसरीतील मूल ‘गरीबाला’ लिहिते तेव्हा ते आपल्या डोळ्यांना परिचित असलेले मूळ रूप जपत असते. हा नियम नसल्याचा दोष आहे, कानाचा नव्हे. दोन्ही चुकांवर सारखीच लाल खूण करणाऱ्या शिक्षकास या भेदाची कल्पना देणारा एकही पाठ त्याच्या परीक्षेच्या तयारीत नसतो.

सर्वांत मोठी किंमत बोलीभाषक मुलास मोजावी लागते. समोर ‘पाणी’ असे छापलेले असताना मूल ‘पानी’ वाचते. ज्या घरी ‘ण’चा उच्चार ‘न’च होतो तेथील मुलाने अक्षरे ओळखली, शब्द ओळखला, अर्थही जाणला आणि मग तो आपल्या बोलीत उच्चारला. वाचनाच्या दृष्टीने येथे काहीच चुकलेले नाही. प्रमाण उच्चार शिकविणे हे वेगळे काम आहे व ते सावकाश करता येते. परंतु शिक्षक त्याला मध्येच थांबवून ‘चूक’ म्हणतो, आणि आपण बरोबर वाचले की नाही हे मुलास स्वतःच्या अर्थबोधावरून ठरविता येईनासे होते. पुढच्या वाक्याला ते शिक्षकाच्या तोंडाकडे पाहू लागते. वाचनाची नावड येथून सुरू होते, आणि तिचे खापर घरच्या भाषेवर फुटते.

लाखो उमेदवारांची परीक्षा यंत्राने तपासावयाची असल्याने असले सूक्ष्म प्रश्न विचारता येणार नाहीत, असा प्रतिवाद होणे शक्य आहे. तो टिकत नाही. ‘एका मुलाने पाणी – पानी, करवत – क-र-व-त, दऱ्या – दर्या असे वाचले. यांपैकी कोणत्या ठिकाणी लिपीचे अध्यापन पुन्हा करण्याची गरज आहे, कोणत्या ठिकाणी अक्षरे जोडून शब्द उच्चारण्याचा सराव हवा, आणि कोणत्या ठिकाणी दोन्हींची गरज नाही?’ हा प्रश्न चार पर्याय देऊन सहज विचारता येतो. त्याचे उत्तर यंत्र तपासू शकते, आणि त्याच्या तयारीसाठी उमेदवाराला मुलांचे वाचन कान देऊन ऐकावे लागते. मराठीच्या तीस प्रश्नांपैकी दहा जरी या जातीचे झाले, तरी मार्गदर्शक पुस्तके पुढल्याच आवृत्तीत बदलतील, कारण ती प्रश्नपत्रिकेच्या मागून चालतात.

अडचण प्रश्न काढणाऱ्यांची आहे. असा प्रश्न रचण्यास मराठी ध्वनिविचाराची माहिती आणि पहिलीच्या वर्गाचा अनुभव ही दोन्ही एकत्र लागतात. विद्यापीठांच्या मराठी विभागांत पहिली गोष्ट आहे, तर अध्यापक विद्यालयांत व शाळांत दुसरी. पदव्युत्तर वर्गात अंगभूत ‘अ’चा लोप सूत्ररूपाने शिकविला जातो व उत्तरपत्रिकेत तो बिनचूक उतरतो, पण सात वर्षांच्या मुलाच्या वाचनात त्याचे काय होते याचा प्रबंध मात्र क्वचितच कोणी हाती घेतो. वाड्याच्या अहवालाच्या धर्तीवर विदर्भात, खानदेशात, कोकणात तेथील बोली बोलणाऱ्या मुलांच्या वाचननोंदी गोळा झाल्या, तर परीक्षकांना प्रश्नांसाठी लागणारी सामग्री आयती मिळेल. आज ती त्यांच्यापाशी नाही, म्हणूनच टोपणनावे विचारली जातात.