दुसऱ्यासाठी मागणे : आजारपण, प्रार्थना आणि मराठी भक्तिपरंपरा

दिल्लीच्या करोल बागेत प्रार्थनेच्या दोन परंपरा एकमेकींच्या शेजारी नांदतात. 1947 नंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी या वस्तीला तिचे आजचे रूप दिले. पुढे सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातील मराठी गलाईवाले येथील सोन्याच्या बाजारात स्थिरावले. लगतच्या राजेंद्र नगरातील सर गंगाराम रुग्णालयाची कुळकथाही फाळणीचीच आहे : मूळ संस्था 1921 साली लाहोरात उभी राहिली, आणि दिल्लीतील वास्तूची कोनशिला 1951 साली बसविण्यात आली. अशा ठिकाणी अत्यवस्थ माणसासाठी एका घरी अरदास होते, तर दुसऱ्या घरी गुरुचरित्राची पोथी उघडली जाते. या दोन परंपरांना जोडणारे नाव नामदेवांचे आहे. त्यांची 61 पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत.

दुसऱ्यासाठी केलेल्या प्रार्थनेत तीन पक्ष असतात : मागणारा, देणारा आणि ज्याच्यासाठी मागावयाचे तो. आत्मनिवेदनपर भक्तिकाव्यात भक्त आणि देव एवढे दोघेच असतात. तेथे तिसऱ्याचा प्रवेश झाला की काव्याचा प्रश्नच बदलतो. मागणाऱ्याचा अधिकार कोणता? मागणे फळले नाही, तर दोष कोणाचा? या विषयावरील साहित्यकृतीचे मूल्य तिने वर्णिलेल्या चमत्कारावरून ठरविता येत नाही. ज्याची प्रार्थना फळली नाही त्याच्यासाठी ती काय शिल्लक ठेवते, यावरून ते ठरवावे लागते.

या दृष्टीने सरस्वती गंगाधरकृत ‘गुरुचरित्रा’चे तीस ते बत्तीस हे अध्याय फार बोलके आहेत. माहूरच्या तरुणाला क्षयाने ग्रासले आहे. त्याची पत्नी सावित्री तो जेवढे अन्न घेईल तेवढेच घेते, आणि त्याला दिलेले औषध स्वतःही घेते. पुढे गुरूंच्या दर्शनाच्या आशेने ती त्याला गाणगापुरास आणते, आणि तेथे पोचताच तो मरण पावतो. त्याला आईवडिलांपासून दूर आणल्याचा दोष ती स्वतःकडे घेते. अखेरीस गुरुकृपेने तो पुन्हा उठतो. पारायण करणाऱ्या वाचकाचे लक्ष साहजिकच या शेवटाकडे असते. परंतु काव्यदृष्ट्या खरी प्रार्थना आधीच घडून गेलेली आहे, आणि ती त्या मोजक्या घासांत आहे. सावित्री रोग्यासाठी बोलण्यापूर्वी त्याच्या रोगात सहभागी होते. मध्यस्थीचा अधिकार तिला या सहभागातून प्राप्त होतो.

मात्र याच अध्यायांत ग्रंथाची मर्यादाही उघड होते. मृत्यू आणि पुनर्जीवन यांच्या दरम्यान ग्रंथकार पतिव्रताधर्माचे आणि विधवेच्या आचाराचे दीर्घ विवेचन करतो. त्यामुळे पतीचे उठणे हे पातिव्रत्याचे फळ ठरू लागते. मग जिचा पती उठला नाही, तिचे पातिव्रत्य उणे होते काय, हा प्रश्न पोथी विचारीत नाही. परंतु ती ऐकणाऱ्या अनेक स्त्रियांच्या मनात तो उमटल्याशिवाय राहत नाही. ग्रंथातच या हिशेबाला छेद देणारी एक जागा आहे. आयुष्य सरलेला माणूस जिवंत कसा झाला, अशी शंका घेतली जाते, तेव्हा ही वर्षे त्याच्याच पुढील जन्मातून मागून घेतल्याचे गुरू सांगतात. म्हणजे लाभलेले आयुष्य हे बक्षीस नसून उसने आहे. ही कल्पना ग्रंथकाराने अधिक विस्ताराने मांडली असती, तर या कथेतील करुणेला नीतीच्या तराजूतून सुटका मिळाली असती.

उसनवारीची हीच कल्पना बाबराच्या आख्यायिकेत परतफेडीचे रूप घेते. 1530 साली आजारी हुमायूनच्या शय्येभोवती फिरून बाबराने मुलाचे दुखणे आपल्यावर घेतले, असे परंपरा सांगते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बाबराचा अंत झाला. बंगाली कवी शंख घोष यांनी ‘बाबरेर प्रार्थना’ या संग्रहात या पित्याला नव्या काळात आणले. 1976 सालच्या या संग्रहाला 1977 चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला. शीर्षक-कवितेतील पिता एका मुलासाठी मागता मागता एका पिढीसाठी मागू लागतो, आणि त्या पिढीच्या दुखण्यात आपल्याच पापाचा वाटा आहे काय, असे स्वतःला विचारतो. सावित्रीने स्वतःकडे घेतलेला दोष येथे इतिहासाच्या पातळीवर पोचतो.

न फळलेल्या मागण्याचे मराठीतील ठळक उदाहरण म्हणजे साने गुरुजींची ‘श्यामची आई’ (1935). येथे कोणी उठत नाही. शिक्षणासाठी दूर असलेला श्याम आईच्या अखेरच्या क्षणी तिच्याजवळ पोचू शकत नाही. परंतु या आठवणी आश्रमातील सायंप्रार्थनेनंतर सांगितल्या जातात, ही रचना अर्थपूर्ण आहे. आईसाठी जे मागणे वेळेवर करता आले नाही, त्याची जागा सांगणे घेते. कृतीत भावविवशता आहे, हा आक्षेप खोटा नाही. तरीही मृत्यूचे खापर ती कोणाच्या श्रद्धेवर फोडीत नाही.

आधुनिक काळाने प्रार्थनेचे मोजमापही करून पाहिले. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या 1,802 रुग्णांचा समावेश होता. आपल्यासाठी प्रार्थना होत आहे, हे ज्यांना निश्चित ठाऊक होते, त्यांच्यापैकी 59 टक्के रुग्णांत गुंतागुंत उद्भवली. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली परंतु ज्यांना तसे निश्चित सांगितले नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण 52 टक्के होते. प्रार्थना करणारे रुग्णांना अपरिचित होते. हा अभ्यास फळ मोजू शकला. सावित्रीचा घास मोजण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते, आणि तो त्याचा विषयही नव्हता.

नामदेवांच्या भैरव रागातील पदात मेलेली गाय उठविण्याची आज्ञा सुलतान करतो. आपल्या करण्याने काही होत नाही, हे नामदेवांचे तेथील पहिले उत्तर आहे. गाय पुढे उठते, पण पदाचे बळ या कबुलीत आहे. मध्यस्थाने सामर्थ्याचा दावा सोडला की फळ न मिळाल्याचा दोषही त्याच्याकडे येत नाही. ज्ञानेश्वरांचे पसायदान आणि अरदासीच्या अखेरीस येणारे सर्वांच्या भल्याचे मागणे, दोन्ही याच वृत्तीची आहेत. त्यांत कोणा एकाचे नाव नाही, म्हणून कोणी वगळलाही जात नाही. रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या माणसाजवळ मात्र एकच नाव असते. त्या एका नावासाठी मागण्याचा हक्क त्याला देणे, आणि ते नाव गेले तरी त्याला अपराधी न ठरविणे, ही या परंपरेने साहित्यावर सोपविलेली जबाबदारी आहे.