शोकाचे निदान

मनुष्यावर आघात झाला म्हणजे त्याची झोप उडते, अन्नावरची वासना जाते, झाल्या प्रसंगाचे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. यात नवे काही नाही. नवे आहे ते इतकेच की, या सर्वांची मोजदाद करून त्यास रोगाचे नाव देणारे शास्त्र गेल्या शतकात बलवान झाले आणि त्याची परिभाषा आता आपल्या सुशिक्षित घरांतही रुळली आहे. परीक्षेत नापास झालेला मुलगा ‘डिप्रेशन’मध्ये असतो, किरकोळ अपघातातून वाचलेले गृहस्थ ‘ट्रॉमा’त असतात. लोकांनी शब्द सवंग केले म्हणून शास्त्राला बोल लावणे न्याय्य होणार नाही. परंतु शास्त्राने आपल्या प्रमाणग्रंथांत रोग आणि स्वाभाविक दुःख यांमधील सीमारेषा कोठे आखली आहे, हे पाहण्याचा अधिकार सामान्य वाचकासही आहे. आघातानंतरच्या स्वाभाविक प्रतिक्रियांना मानसोपचारशास्त्र वाजवीहून अधिक रोगाची नावे देते काय, एवढाच प्रश्न आम्ही येथे विचारास घेतला आहे.

या शास्त्राचा सर्वांत वजनदार ग्रंथ म्हणजे अमेरिकन मनोचिकित्सक संघाची निदानसंहिता. आद्याक्षरांवरून तिला ‘डीएसएम’ म्हणतात. 1952 साली निघालेली तिची पहिली आवृत्ती लहानसे पुस्तक होते. 2013 सालच्या पाचव्या आवृत्तीची पृष्ठसंख्या नऊशेंच्या वर गेली. ‘आघातोत्तर तणावविकार’ हे नाव संहितेत प्रविष्ट झाले ते 1980 च्या तिसऱ्या आवृत्तीत. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेले सैनिक वर्षानुवर्षे दुःस्वप्नांनी पछाडलेले होते आणि त्यांच्या यातनांना मान्य असे नाव नसल्यामुळे सरकारदरबारी त्यांची दाद लागत नव्हती. या नावाच्या जन्मामागे न्यायाची मागणीही होती, ही गोष्ट टीकाकारांनी विसरून चालणार नाही.

शोकाच्या बाबतीत मात्र संहितेचा प्रवास चिंता वाटावी असाच झाला आहे. आप्ताच्या मृत्यूनंतरचा साधा शोक तिसऱ्या आवृत्तीने विषादरोगाच्या बाहेर ठेवला होता. 1994 च्या चौथ्या आवृत्तीने ही सवलत दोन महिन्यांपुरती ठेवली आणि पाचवीने ती काढूनच टाकली. विषादरोगाच्या निदानास दोन आठवड्यांची लक्षणे पुरतात. म्हणजे आपल्याकडे तेरावा उरकतो न उरकतो, तोच शोकाकुल विधवा निदानास पात्र होऊ शकते! शोक आणि विषाद यांत वैद्याने विवेक करावा, अशी टीप संहितेत आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण नियम जाऊन त्याच्या जागी टीप आली, की गर्दीच्या दवाखान्यात तिचे काय होणार, याची कल्पना करणे कठीण नाही.

पुढे 2022 च्या सुधारित आवृत्तीत ‘लांबलेला शोक’ हा स्वतंत्र विकार दाखल झाला. त्यासाठी प्रौढाच्या बाबतीत बारा महिन्यांची मुदत आहे; जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत त्याच विकारास सहा महिने पुरतात. आघातानंतरच्या पहिल्या दिवसांविषयी तर दोन्ही ग्रंथ परस्परविरुद्ध दिशांना गेले आहेत. तीन दिवस ते एक महिना टिकणाऱ्या तीव्र प्रतिक्रियेला अमेरिकन संहिता विकार म्हणते. जागतिक संघटनेच्या 2022 पासून अमलात आलेल्या अकराव्या सूचीने तीव्र ताणाच्या प्रतिक्रियेला विकारांतून वगळून स्वाभाविक मानले आहे. चौथ्या दिवशी एकच माणूस एका ग्रंथाप्रमाणे रोगी आणि दुसऱ्याप्रमाणे निरोगी ठरू शकतो. हाड मोडले आहे की नाही याविषयी दोन ग्रंथांत असा मतभेद संभवत नाही. येथील रेषा निसर्गाने आखलेली नसून विद्वानांच्या समितीने आखलेली आहे, असा याचा अर्थ होतो.

ही टीका केवळ बाहेरच्यांची नव्हे. चौथ्या आवृत्तीच्या मंडळाचे प्रमुख डॉ. ॲलन फ्रान्सिस यांनीच पाचव्या आवृत्तीविरुद्ध 2013 साली स्वतंत्र ग्रंथ लिहून सामान्य माणसाला रोगी ठरविण्याच्या प्रवृत्तीवर कडाडून हल्ला केला. इंग्लंडमधील डॉ. डेरेक समरफील्ड यांनी 2001 सालीच असा आक्षेप घेतला होता की, युद्ध आणि अत्याचार यांनी दिलेले दुःख या निदानामुळे व्यक्तीच्या मनातील बिघाड बनते आणि त्याचा सामाजिक अर्थ हरपतो.

या आक्षेपात किती तथ्य आहे, हे आपल्याकडील प्रसंगावर घासून पाहू. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गावे नुकती निजली असता, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत हजारो माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली चिरडली गेली. वाचलेली माणसे पुढे पक्क्या छपराखाली निजायला धजेनात. संहितेच्या भाषेत हे ‘टाळणे’ झाले, म्हणजे विकाराचे एक लक्षण. पण ज्या घराने लेकरे गिळली त्या घराची भीती बाळगणे, आणि तेही जमीन पुन्हा पुन्हा हादरत असताना, यात बिघाड तो कोणता? तो शहाणपणा होता. मात्र तीच भीती पाच वर्षांनी, भूकंपास टिकणाऱ्या नव्या घरातही एखाद्या बाईला रात्रभर अंगणात बसवून ठेवीत असेल, तर तिला उपचारांची गरज आहे, हे आम्ही नाकारीत नाही. भूकंपानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तेथील लोकांच्या मानसिक आरोग्याच्या गरजांचा अभ्यास हाती घेतला; पुण्याचे डॉ. मोहन आगाशे त्यात अग्रभागी होते. अशा कामाची गरज होती. प्रश्न एवढाच की, लक्षण तेच असूनही प्रसंग बदलला की त्याचा अर्थ बदलतो, आणि लक्षणांची यादी प्रसंग पाहत नाही.

आमच्या नाशिकजवळच्या अंबडसारख्या औद्योगिक वसाहतीत हा भेद अधिकच स्पष्ट होतो. प्रेसयंत्राखाली बोटे गमावलेला कामगार पुन्हा यंत्रासमोर उभा राहताना थरथरतो, अशी कल्पना करा. त्याला विकार आहे असे लिहून गोळ्या दिल्या, तर दोष त्याच्या मनात गेला. यंत्रावर संरक्षक आडोसा नव्हता ही गोष्ट मागे पडली. त्याचे थरथरणे ही एक साक्ष आहे. ती ऐकून घेण्याऐवजी ती बंद पाडणे हा उपचार नव्हे.

येथवर आम्ही टीकाकारांच्या बाजूने बोललो. परंतु या देशात दुसरी बाजू अधिक जड आहे. 2015-16 साली बारा राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे 10.6 टक्के प्रौढ मनोविकारग्रस्त आढळले, आणि त्यांपैकी बहुसंख्य उपचाराविना होते. जेथे ‘मनाला लावून घेऊ नकोस’ हाच एकमेव उपचार, तेथे रोगाच्या नावांची अतिवृष्टी झाली आहे असे सरसकट म्हणणे धाडसाचे ठरेल. 21 एप्रिल 2021 रोजी नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. तो काळ असा की, अंत्यदर्शन नाही, चार खांदे नाहीत, समाचाराला येणारी माणसे नाहीत. शोकाला वाट करून देणाऱ्या आपल्या सगळ्या रीती एकदम बंद पडल्या होत्या. अशा घरांतील एखाद्याचा शोक वर्ष उलटूनही हलला नाही, तर त्याला मदत हवीच. पण तो ‘लांबला’ की ‘अडला’, हे दिनदर्शिका सांगू शकत नाही.

नावाचा आणखी एक व्यवहार आहे. अमेरिकन सैनिकाला रोगाच्या नावाने निवृत्तिवेतनाचे दार उघडले. आपल्याकडे आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला मिळणारी सरकारी मदत कर्ज, नापिकी आणि परतफेडीचा तगादा यांवर अवलंबून असते. तेथे ‘मनोरुग्ण होता’ असा शेरा पडला तर मदतीचे दार लागण्याचीच भीती. एकच नाव एकीकडे किल्ली होते आणि दुसरीकडे कुलूप. या बाबतीत आपला 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा संहितेहून शहाणा वाटतो. आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य, अन्यथा सिद्ध न झाल्यास, तीव्र ताणाखाली होता असे त्याचे 115 वे कलम गृहीत धरते आणि त्याची काळजी व उपचार यांचे कर्तव्य सरकारवर टाकते. त्याने ‘ताण’ म्हटले, ‘रोग’ म्हटले नाही. आणि तरीही मदत देऊ केली.

आमचे म्हणणे नेमके हेच आहे. मदतीला रोगाच्या नावाची अट असू नये. ही अट आहे तोवर दयाळू वैद्यही दुःखिताला मदत मिळावी म्हणून त्याला रोगी लिहीत राहील, आणि संहिता फुगत राहील. मदतीचे स्वरूपही अनुभवाने शिकविले आहे. आघातानंतर लगेच एका बैठकीत माणसाकडून सारे वदवून घेण्याची जी पद्धत एके काळी फोफावली होती, तिने लाभ होत नाही, कदाचित अपायही होतो, असा निष्कर्ष 2002 च्या कॉक्रेन परीक्षणाने काढला. विकार नसलेल्या शोकग्रस्ताला झोपेच्या व चिंताशामक गोळ्या देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2013 साली स्पष्ट बजावले. सुरक्षित निवारा, आप्तांची भेट, खरी माहिती, ऐकून घेणारे माणूस, ही प्राथमिक मदत ती संघटना सांगते. आणि ती देण्यास निदानाची गरज नाही. त्यानंतरही जो सावरत नाही, ज्याचे कामकाज व संसार ठप्प होतो, ज्याच्या जिवाला धोका दिसतो, त्याच्यासाठी तज्ज्ञ आहेत आणि रोगाचे नावही आहे. ते नाव तेथे अवश्य वापरावे. परंतु ते लिहिण्यापूर्वी ‘तुम्हाला काय होते?’ याच्या जोडीने ‘तुमच्यावर काय गुदरले?’ हाही प्रश्न वैद्याने विचारावा, आणि त्याचे उत्तर निदानाच्या कागदावर पहिल्या ओळीत नोंदवावे, एवढी अपेक्षा बाळगण्याचा अधिकार प्रत्येक दुःखिताला आहे.