संमतिपत्र आणि सोयरीक : जीनोमविषयक परिसंवादांची एक मर्यादा

मानवी जीनोम, त्यावर आधारलेले वैद्यक आणि त्यांचे नैतिक व सामाजिक परिणाम या विषयावरील परिसंवाद आता आपल्या विद्यापीठांत नवे राहिलेले नाहीत. त्यांची मांडणीही जवळजवळ ठरून गेली आहे. दीपप्रज्वलन होते, स्वागतपर भाषणे लांबतात, मग जीवशास्त्राचे प्राध्यापक मानवी जीनोम प्रकल्पाचा (१९९०-२००३) इतिहास सांगतात, वैद्यकाचे प्राध्यापक व्यक्तिगणिक औषधयोजनेचे भविष्य रंगवितात. आणि भोजनोत्तर सत्रात, श्रोते पेंगुळलेले असताना, 'नैतिक व सामाजिक परिणाम' हा विषय समाजशास्त्र किंवा तत्त्वज्ञान विभागाच्या एखाद्या अध्यापकाकडे सोपविला जातो. तेथे १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता येते, १९७५ ची असिलोमार परिषद येते, युनेस्कोचा १९९७ चा मानवी जीनोमविषयक जाहीरनामा येतो, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांवर समारोप होतो. या यादीत चुकीचे असे काही नाही. परंतु या सर्व प्रवासाच्या शेवटी विद्यार्थ्याच्या हाती उरते ती एकच वस्तू : संमतिपत्र. संशोधकाने माहिती दिली, व्यक्तीने ती समजून घेतली, सही केली, म्हणजे नीतीचे ऋण फिटले, असा समज तो घेऊन जातो. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या समजावर आहे.

विषयाची ही वाटणी कोठून आली हे पाहणे उपयुक्त ठरेल. अमेरिकेत जीनोम प्रकल्पाची आखणी होत असताना जेम्स वॉटसन यांनी एकूण निधीचा काही अंश, आरंभी शेकडा तीन व पुढे पाच, नैतिक, वैधानिक व सामाजिक प्रश्नांच्या अभ्यासासाठी राखून ठेवविला. एखाद्या विज्ञानप्रकल्पाने आपल्या अंदाजपत्रकातच आपल्या टीकेची तरतूद करावी ही गोष्ट स्पृहणीय होती, यात शंका नाही. पण तिचा एक परिणाम असा झाला की नीतिविचार हा विज्ञानाच्या वाड्यातील एक वेगळी खोली बनला. आपण तो वाडा उचलून आणला, तेव्हा खोलीही तशीच आणली. आणि तिच्यातील सामानही तेथलेच राहिले. अमेरिकन समाजात विमा कंपनी व मालक हे जनुकीय माहितीचे धास्ती वाटावी असे ग्राहक होते, म्हणून तेथील चर्चेत खाजगीपणाला अग्रस्थान मिळाले. आपल्याकडे त्या माहितीचा पहिला आणि सर्वांत उत्सुक ग्राहक कोण, हा प्रश्न आपण विचारलाच नाही. तो ग्राहक म्हणजे वधूवरांचे सोयरे होत.

हे अतिशयोक्तीचे वाटू नये. आनुवंशिकी, वैद्यक आणि समाज यांची खरी गाठ महाराष्ट्रात एकदा पडून गेली आहे, आणि तिचा उल्लेख जीनोमविषयक व्याख्यानांत क्वचितच ऐकू येतो. गर्भजलपरीक्षा भारतात १९७० नंतरच्या दशकात आली ती गर्भातील आनुवंशिक व्यंगे ओळखण्यासाठी. थोड्याच वर्षांत मुंबईत आणि मग जिल्ह्याजिल्ह्यांत ती मुलगी ओळखण्याचे साधन झाली. स्त्री-संघटना, आरोग्य-कार्यकर्ते व काही डॉक्टर यांनी १९८५ च्या सुमारास तिच्याविरुद्ध चळवळ उभी केली. तिचे फळ म्हणून १९८८ साली महाराष्ट्राने गर्भलिंगपरीक्षेवर नियंत्रण घालणारा कायदा केला. देशातील असा हा पहिला कायदा. केंद्राचा कायदा १९९४ चा. कायद्याने सारे साधले असे नाही : महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटातील हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ साली ९४६ होती, ती २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ झाली. धाराशिवला लागून असलेल्या बीड जिल्ह्याची या बाबतीतील अवस्था तर राज्यभर चर्चेचा विषय झाली होती.

या प्रकरणाचा आपल्या मुद्द्याशी संबंध कोणता? असा, की त्या परीक्षांत संमतीची उणीव नव्हती. स्त्री स्वतः दवाखान्यात येत होती, माहिती घेत होती, फी भरली जात होती. सही खरी होती. सहीमागची इच्छा कोणाची होती, हे मात्र सही सांगत नव्हती. हुंडा, वंशाचा दिवा, सासूचे बोल, दुसऱ्या लग्नाची धमकी यांनी ती इच्छा आधीच घडविलेली होती. व्यक्तीच्या संमतीवर उभ्या असलेल्या नीतिशास्त्राला या ठिकाणी बोलण्यासारखे काहीच उरत नाही. म्हणूनच येथे संमती असूनही निषेध करणारा कायदा करावा लागला. हा अनुभव पुण्यामुंबईतला आणि मराठवाड्यातला आहे, त्याचे दस्तऐवज मराठीत आहेत. तरी आपला विद्यार्थी असिलोमारची कथा तोंडपाठ म्हणतो आणि १९८८ च्या कायद्याचे नाव त्याला सांगता येत नाही. ही पाठ्यक्रमाची उणीव समजून सोडून देता येण्यासारखी नाही. विचाराचा आरंभबिंदूच येथे चुकला आहे.

आरंभबिंदू कोठे असावा, हे सांगण्यासाठी परदेशी जावयास नको. इरावतीबाई कर्वे यांचे उदाहरण पुरे आहे. १९२८ च्या सुमारास त्या बर्लिनला गेल्या, त्या ऑयगेन फिशर संचालक असलेल्या संस्थेत. मानववंश, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजाजनन ही तिन्ही नावे त्या संस्थेने आपल्या पाटीवरच मिरविली होती, आणि पुढे नाझी राजवटीत तिने काय केले हे जगाला ठाऊक आहे. तेथे इरावतीबाईंनी कवट्यांच्या असमानतेचा अभ्यास केला, आणि तिचा वंशभेदाशी संबंध जुळत नाही असा निष्कर्ष मांडला. गुरूच्या अपेक्षेविरुद्ध जाणारी मोजमापे प्रामाणिकपणे पुढे ठेवणे, हा संशोधनातील नीतीचा धडा आहे, आणि तो कोणत्याही संहितेपेक्षा जुना आहे. पुढे डेक्कन कॉलेजात, १९५१ साली, वि. म. दांडेकर यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील लोकांची शरीरमापने प्रसिद्ध केली. १९५३ साली भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवरील ग्रंथ. १९६१ साली हिंदू समाजाचा अन्वय. आणि १९६८ साली, कै. मल्होत्रा यांच्यासह, समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना. या साऱ्या कामाचा धागा एकच : जात म्हणजे विस्तारलेले नातेकुळ, आणि शरीराचा इतिहास हा लग्नाच्या नियमांचा इतिहास होय.

इरावतीबाईंच्या मांडणीत एक दोष राहिला, तो येथे नोंदविला पाहिजे. जातीकडे नात्याचे जाळे म्हणून पाहताना तिच्यातील सत्तेचा, सक्तीचा व अपमानाचा भाग त्यांच्या विवेचनात मागे पडतो. तो भाग डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालीच पुढे आणला होता. जात ही सुप्रजाजननाची योजना आहे, असे समर्थन त्या काळी मोठ्या विद्वत्तेने केले जात असे. डॉ. आंबेडकरांनी 'जातिनिर्मूलना'च्या निबंधात त्यावर घेतलेला आक्षेप तर्कदृष्ट्या अचूक आहे : जात कोणी कोणाशी लग्न करू नये एवढेच सांगते, जातीच्या आत कोणी कोणाशी करावे याची निवड ती करीत नाही. ती केवळ निषेधात्मक असल्यामुळे तिला निवडीचे शास्त्र म्हणता येत नाही.

या आक्षेपाची जैविक बाजू आज आकड्यांनी मांडता येते. २०१७ साली 'नेचर जेनेटिक्स' या नियतकालिकात दक्षिण आशियातील २६३ गटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ८१ गट असे निघाले की मोजक्या मूळ पूर्वजांपासून वाढल्याच्या खुणा त्यांच्यात फिन लोक व अश्केनाझी ज्यू यांच्यापेक्षाही ठळक आहेत. आणि त्यांतील १४ गटांची लोकसंख्या दहा लाखांहून अधिक आहे. अशा गटांत एखादा दुर्मीळ अप्रभावी दोष आईबाप दोघांकडून येण्याचा संभव वाढतो. आंध्रातील वैश्य समाजात भूल देताना वापरल्या जाणाऱ्या एका औषधाचा परिणाम प्रमाणाबाहेर लांबतो, हे भूलतज्ज्ञांना पूर्वीपासून परिचित आहे. संख्या मोठी असली म्हणजे रक्त मिसळलेले असते, ही समजूत येथे खोटी ठरते.

आता हे धाराशिवच्या संदर्भात ठेवून पाहावे. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेला, उमरग्याकडे कानडी मुलखाला भिडलेला हा जिल्हा. इरावतीबाईंनी महाराष्ट्राला उत्तरेच्या व दक्षिणेच्या विवाहपद्धतींचा संधिप्रदेश मानले, ते येथे सहज पटते. मामाच्या मुलीवर पहिला हक्क भाच्याचा, ही भाषा येथे अद्याप ऐकू येते. काही समाजांत मामा-भाचीचा विवाहही परका नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने अशी लग्ने निषिद्ध नात्यांत घातली, पण रूढीचा अपवाद ठेवला. आरोग्यशिक्षणाचा उपदेश अशा लग्नांवर नेमका येतो : नात्यात लग्न करू नका. उपदेश शास्त्राला धरून आहे. परंतु जातीच्या आतील शतकानुशतकांचे लग्नही, पिढ्यांच्या अंतराने, त्याच प्रकारचे फळ देते. त्याविषयी भित्तिपत्रक गप्प असते. गरिबाच्या घरातील मामेबहीण डॉक्टरांना दिसते. सुशिक्षिताच्या 'फक्त स्वजातीय' अशा विवाहविषयक जाहिरातीतील आनुवंशिकी त्यांना दिसत नाही. हे मौन वैज्ञानिक नाही, सामाजिक आहे. (उलट, जनुकांचा आधार घेऊन जातिनिर्मूलनाचा प्रचार करणेही मला तकलादू वाटते. उद्या एखादी जात जैविक दृष्ट्या निर्दोष आढळली, तर ती न्याय्य ठरणार काय?)

हाच प्रश्न सिकलसेलच्या तपासणीत प्रत्यक्ष उभा राहतो. १ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशातील शहडोल येथून देशव्यापी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. आदिवासी भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे लक्ष्य. महाराष्ट्रात नंदुरबार व गडचिरोली या जिल्ह्यांना तिची निकड आहे. तपासणीनंतर व्यक्तीला आपण वाहक आहोत की नाही हे दर्शविणारे कार्ड मिळते, आणि लग्न ठरविताना ते पाहावे अशी अपेक्षा असते. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला रोग होण्याचा संभव चारात एक, हे गणित बिनचूक आहे. पण वाहक स्वतः रोगी नसतो; त्याचा विवाह वाहक नसलेल्याशी झाला तर अपत्याला रोग होत नाही. कार्ड जेव्हा पाहणीच्या बैठकीत फिरते, तेव्हा हा भेद टिकतो काय? आणि नकार दोघांच्या वाट्याला सारखा येतो, की मुलीच्या वाट्याला अधिक? मोहिमेचे यश तपासण्यांच्या संख्येवर मोजून या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. त्यासाठी मोडलेल्या सोयरिकींची नोंद घ्यावी लागेल, आणि ती प्रयोगशाळेत होत नाही.

युनेस्कोच्या जाहीरनाम्यात आपल्या जनुकीय परीक्षेचा निकाल जाणून घ्यावयाचा की नाही हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक व्यक्तीला दिला आहे. हे कलम आपल्या व्याख्यानांत आदराने सांगितले जाते. एका वाहक मुलीने तो अधिकार वापरला असे समजू. तिच्या सख्ख्या भावाचा निकाल गावाला ठाऊक आहे. म्हणजे निदान एक पालक वाहक, आणि तीही वाहक असण्याचा संभव निम्म्याच्या आसपास, हे हिशेब जाणणारा कोणीही सांगू शकतो. तिची सही नाही, तरी तिच्याविषयीची माहिती बाहेर पडली आहे. जनुकीय माहिती एकट्याची नसतेच, ती घराची असते, आणि आपल्याकडे घराच्या पलीकडे भावकीची व जातीची. संमतिपत्रात मात्र सहीची जागा एकच असते.

धाराशिव येथे २०२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, विद्यापीठाचे उपकेंद्र त्याच्याही आधीपासून आहे. या दोन्ही ठिकाणच्या विद्यार्थ्यांना एकत्र बसविणारा पुढचा परिसंवाद भरला, तर त्यातील पहिले सत्र, भोजनापूर्वीचे, १९८८ च्या कायद्यावर असावे. दुसऱ्यात इरावतीबाईंची नातेरचना आणि डॉ. आंबेडकरांचा आक्षेप समोरासमोर ठेवून वाचावेत. जीनोम प्रकल्पाचा इतिहास तिसऱ्या सत्रात चालेल. आणि विद्यार्थ्यांना एक काम द्यावे : उमरगा किंवा लोहारा तालुक्यातील एखाद्या गावात सांगता येईल अशा मराठीत संमतिपत्र लिहिणे, ज्यात रक्त देणाऱ्याला हे कळेल की या नमुन्यातून त्याच्या बहिणीविषयीही काही कळणार आहे, आणि ते कोणाला सांगितले जाणार नाही.