चूक कोणाची, भाषा कोणाची

‘भारतीय भाषांचे लोकसर्वेक्षण’चा महाराष्ट्र खंड (संपादक : अरुण जाखडे, पद्मगंधा प्रकाशन, २०१३) मोलाचा आहे, हे आधी सांगायला हवे. १९७१पासून जनगणना १०,०००हून कमी भाषक असलेल्या भाषांची नावे छापत नाही, आणि बोली मोठ्या भाषेच्या बेरजेत टाकते. गणेश देवींच्या या प्रकल्पाने त्या बेरजेतून बोली सुट्या केल्या; त्यांची गाणी, कथा, नात्यांचे आणि रंगांचे शब्द नोंदवले.

माझी तक्रार या साच्याबद्दल आहे. आत्याला काय म्हणतात, याला त्यात जागा आहे. न जेवणाऱ्या पोराला आई कशी दटावते, याला नाही. भाषा तोंडी बसते ती मात्र या दटावण्यातून. सॉफ्टवेअरवाल्याच्या शब्दांत सांगायचे तर हा बॅकअप आहे. बॅकअप आहे म्हणजे यंत्रणा चालू आहे, असे नव्हे.

चालू यंत्रणा गडचिरोलीतल्या मोहगावात दिसते. २०१९मध्ये तिथल्या ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा काढली. पुढे शिक्षण खात्याशी वाद झाला तो परवानगीवरून. गोंडी द्राविडी कुळातली. ती मराठीहून वेगळी आहे, हे कुणाला पटवावे लागत नाही.

जुन्नर-आंबेगावात नेमके तेच पटवावे लागते. लेण्याद्रीचे प्राकृत कोरीव लेख आपण तिकीट लावून जपतो. पण तिथून नाणेघाटाकडे किंवा भीमाशंकरकडे गेले की महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांमधले बोलणे मराठीच्या इतके जवळचे, की शाळेत ते सरळ ‘अशुद्ध मराठी’ ठरते. एकदा असे ठरले की घरचेच सावध होतात. आजी नातवाशी ‘नीट’ बोलायला लागते.

न्यूझीलंडमध्ये माओरींनी १९८२मध्ये ‘कोहांगा रेओ’, म्हणजे भाषेची घरटी, सुरू केली. वडीलधाऱ्यांनी लहानग्यांशी फक्त माओरीत बोलायचे. त्यांच्या आधीच्या पिढ्यांनी शाळेत माओरीपायी मार खाल्ला होता. पण तो दुसरी भाषा बोलल्याबद्दल, चुकीची इंग्रजी बोलल्याबद्दल नव्हे. या फरकाचा विचार आपल्याकडच्या भाषासंवर्धनाच्या चर्चेत फारसा होत नाही. आपण बोलतो ती भाषाच आहे, हे आजीला ठाऊक असेल तरच घरटे बांधता येते.

म्हणून हा खंड ठाकरवाडीतल्या अंगणवाडीत मोठ्याने वाचला जावा, आणि बायांनी त्यातल्या चुका काढाव्यात. त्या दुरुस्त्या कुणाच्या नावाने छापायच्या, हे प्रकाशकांनी ठरवावे.