हौशी कॅमेरा आणि विचारात पडलेले माणूस

हौशी नाटकमंडळी म्हटली की आपल्या मनात थोडा आदरच असतो. नोकरी सांभाळून, रात्र रात्र तालमी करून, पदरमोड करून ही माणसे नाटक उभे करतात, ह्याचे आपल्याला कौतुक वाटते. हौशी छायाचित्रकाराच्या वाट्याला मात्र असा आदर कधी आलेला नाही. सहलीत सर्वांना उन्हात तिष्ठत ठेवणारा, लग्नात धंदेवाईक फोटोग्राफरच्या कोपरामागून डोकावणारा, असे त्याचे थट्टेचे रूप आपण पक्के करून टाकले आहे. गंमत अशी की, हे रूप त्याने स्वतःही निमूटपणे मान्य केले आहे, आणि मग त्याची लाज झाकण्यासाठी तो 'कलावंत' व्हायला निघतो. ह्या धडपडीत त्याच्या हातची एक मोलाची गोष्ट निसटते असे मला वाटते. ती निसटायला मी स्वतः एकदा हातभार लावला आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

काही वर्षांपूर्वी एका छायाचित्र-मंडळाच्या स्पर्धेत मी परीक्षक होतो. विषय होता 'विचारमग्न'. शंभराच्या वर चित्रे आली होती. हनुवटीखाली हात घेतलेले म्हातारे, सुरकुत्यांवरून सरकणारा तिरपा उजेड, विडीचा धूर, घाटाच्या पायरीवर पाठमोरा बसलेला साधू, खिडकीच्या गजांआड उभी असलेली तरुणी. तंत्राच्या दृष्टीने बोट ठेवायला जागा नव्हती. पण चित्रामागून चित्र पाहताना माझा उत्साह मावळत गेला. ह्या माणसांच्या डोक्यात विचार होता कुठे? ती नुसती थांबली होती. कुणीतरी 'झाले' म्हणण्याची वाट पाहत होती. विचारात पडलेली सुंदर स्त्री कशी दिसते हे आपल्याला ज्यांनी शिकवले, त्यांत दिवाळी अंकांची मुखपृष्ठे काही कमी नाहीत. दीनानाथ दलालांनी तो चेहरा किती घरांत नेऊन पोचवला! दलालांना तो अधिकारही होता, कारण चित्रकाराचा चेहरा कागदावर प्रथमच जन्म घेतो. कॅमेऱ्यापुढे मात्र खरे माणूस असते, आणि त्याच्या डोक्यात काय चालले आहे हे आपल्या सोयीने ठरवता येत नाही.

त्या गठ्ठ्यात एक चित्र अगदी निराळे होते. स्वयंपाकघर, दिव्याचा पिवळट उजेड. ओट्याशी एक साठीच्या घरातली बाई उभी. गॅसवर पातेले. तिच्या हातात सांडशी आहे, पण ती धरल्याचे तिला भान नसावे. सांडशीचे तोंड अर्धवट उघडे, पदराला टेकलेले. नजर पातेल्यावर नाही, जरा वर, बाजूला. आणि ती जिकडे पाहते तिकडेच चित्राच्या कडेला भिंतीवरचे एक कॅलेंडर निम्मे कापले गेलेले. मागच्या फळीवर डबे, एका डब्याचे झाकण तिरके. मी पेन उचलले आणि चित्राच्या पाठीवर शेरा लिहिला: 'क्षण बरा. रचना सदोष. कॅलेंडर छाटून टाकावे. प्रकाश अपुरा.' आणि चित्र बाद केले.

प्रकाश अपुरा! हे दोन शब्द मला पुढे पुष्कळ दिवस टोचत राहिले. मी कोणत्या कसोटीने ते लिहिले होते?

आपल्या घरचे जुने अल्बम काढून पाहावेत. आजी अंगणात उभी असते, तुळशीवृंदावनाशेजारी, हात सरळ, डोळे उन्हाने बारीक झालेले. ह्याला आपण त्या काळचा संकोच म्हणतो. संकोच होताच, पण त्याखाली उजेडाचा साधा हिशेबही होता. 1900 साली एका डॉलरला ब्राउनी कॅमेरा निघाला आणि फोटो काढणे सामान्य माणसाच्या आटोक्यात आले. परंतु अशा पेटीवजा कॅमेऱ्यांचे भिंग लहान छिद्राचे असे आणि पडदा सेकंदाच्या तिसाव्या-पन्नासाव्या भागापुरता उघडे. फिल्मही मंद. एवढ्या अवधीत चित्र उमटायचे तर बाहेरचे ऊनच हवे. धुराने काळवंडलेल्या, एका झरोक्याच्या स्वयंपाकघरात ह्या कॅमेऱ्याला काहीच दिसत नसे. शिवाय 120 नंबरच्या रोलवर चौकोनी चित्रे बारा. त्यांतले एक चुलीपुढल्या अंधारावर कोण उधळणार? म्हणजे आपल्या आज्या विचार करीत घरात, आणि फोटोसाठी येऊन उभ्या राहत उन्हात. माजघरातल्या विचाराचे चित्रच आपल्यापाशी नाही. नवकथेने प्रसंगांची साखळी सोडून मनातल्या एवढ्याशा हालचालीवर नजर रोखली, तेव्हाही घरातला कॅमेरा अंगणाच्या पुढे सरकला नव्हता.

ज्याच्यापाशी पैसा आणि सवड होती अशा एका हौशी माणसाने मात्र घरातच कॅमेरा रोवला. अमृता शेरगिलचे वडील उमरावसिंग (1870–1954) संस्कृत आणि फारसीचे जाणकार होते. आयुष्यभर त्यांनी फोटो काढले ते मुख्यतः दोन विषयांचे: आपले कुटुंब आणि आपण स्वतः. पुस्तकांत बुडालेले उमरावसिंग, योगासनातले उमरावसिंग, उपवासाने रोडावलेले उमरावसिंग. कॅमेऱ्यामागेही तेच आणि पुढेही तेच. ह्यांत नाटक नाही असे कसे म्हणावे? आधी सगळी मांडामांड करायची आणि मग येऊन चिंतनात बुडायचे, हा चिंतनाचा प्रयोगच झाला. पण तोच माणूस तोच प्रयोग दशकानुदशके करीत राहिला की त्यातले नाटक झिजते आणि माणूस उरतो. दाढी पांढरी होते, खांदे उतरतात. स्पर्धेसाठी एकदाच मांडलेल्या विचारमग्नतेला हे भाग्य मिळत नाही. अमृतेचे त्यांनी काढलेले फोटो मला आणखी वेगळे वाटतात. तिला आपण पाहिले जात आहोत ह्याची पूर्ण जाणीव आहे आणि वडिलांना तिच्या त्या जाणिवेचे कौतुक आहे. 1941 मध्ये ती अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेली हे ठाऊक असलेला प्रेक्षक त्या चेहऱ्यावर नसते ते गांभीर्यही चढवतो, हे मी स्वतःवरून सांगतो. पुढे 2001 साली उमरावसिंगांचे नातू विवान सुंदरम् यांनी ह्याच फोटोंचे तुकडे संगणकावर जुळवून नवी चित्रे केली. बाप, मुलगी, आरसे, सारे एकात एक गुंफले. करामत मोठी आहे. पण मूळ फोटोंत जे उघडे सोडलेले होते ते ह्या चित्रांत बोलून टाकले जाते, आणि मी पुन्हा मुळाकडे वळतो.

दुसरे उदाहरण विव्हियन मायरचे (1926–2009). शिकागोत लोकांची मुले सांभाळणारी ही बाई. 2007 मध्ये तिच्या सामानाच्या पेट्या लिलावात गेल्या तेव्हा जगाला तिचा पत्ता लागला. लाखाहून अधिक निगेटिव्ह! कितीतरी रोल तर तिने धुवूनही घेतले नव्हते. तिला घर नव्हते, रस्ता होता. अनोळखी माणसांचे असे फोटो घेण्याचा अधिकार तिला कुणी दिला, हा प्रश्न मला आजही पुरता सुटलेला नाही. पण तिच्या हातात पुष्कळ वर्षे रोलायफ्लेक्स होता, आणि ह्या कॅमेऱ्याची एक रीत आहे. तो पोटाशी धरायचा आणि वरून काचेत पाहायचे. काचेत डावे-उजवे उलटे दिसते, म्हणून सावकाश पाहावे लागते. आणि मान खाली घालावी लागते. समोरच्या माणसावर नजर रोखली जात नाही. पाहणारा स्वतःच विचारात पडल्यासारखा उभा राहतो. ही अदब यंत्राच्या घडणीतच होती. मोबाइल आपण डोळ्यांसमोर उगारतो. तो पुढे आला की गप्प बसलेले माणूस लगेच हसते, निदान पदर तरी सारखा करते.

असे असूनही, चुलीपुढचा अंधार प्रथमच घरोघर कुणाला दिसू लागला असेल तर तो ह्या मोबाइललाच. रात्रीच्या दिव्यात, ओट्याशी, कुणाला उन्हात न बोलावता. मी बाद केलेले चित्र मोबाइलचेच होते. उन्हाच्या जमान्यात घडलेली कसोटी मी त्याला लावली, आणि जे पूर्वी दिसूच शकत नव्हते ते समोर आले असताना प्रकाश अपुरा म्हणून परत पाठवले.

ज्या तरुणाने ते काढले होते त्याची पुढे एका व्याख्यानाच्या वेळी गाठ पडली. मी माझी चूक त्याच्यापाशी कबूल केली. तो संकोचला. मग मी विचारले, तोच क्षण का टिपलास? तो म्हणाला, "सर, आत्या दूध तापवताना कधी इकडेतिकडे बघत नाही. त्या दिवशी गॅस बारीक करून नुसतीच उभी होती. म्हणून काढला." एवढेच. आत्या रोज कशी उभी राहते हे ज्याला माहीत, त्यालाच त्या दिवशीचे निराळे उभे राहणे दिसणार. स्पर्धेतल्या इतर शंभरांकडे हे ज्ञान नव्हते. त्यांची माणसे त्यांना त्याच सकाळी भेटलेली होती.

त्याने आग्रह केला म्हणून मी त्याच्या घरी गेलो. तेच चित्र चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावले होते, छाटल्याशिवाय. आत्याबाई चहा घेऊन आल्या. राहवेना म्हणून मी विचारलेच, "फोटोत कसला विचार करत होता हो?"

त्यांनी मान वर करून स्वतःकडे पाहिले. "कसला विचार! दुधाचे खाडे लिहायचे राहिले होते. ते काय, कॅलेंडर दिसतंय ना. दोन दिवस दूध घेतलं नव्हतं, ते नेमके कुठले, ते आठवत होते." मग कप माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, "ह्यांना दवाखान्यात ठेवलं होतं ते दोन दिवस. घ्या, निवेल."

मी चहा घेतला. माझा शेरा चौकटीच्या आत, चित्राच्या पाठीवर अजून असणार. ते उतरवून पाहण्याचे धैर्य मला झाले नाही.